डोडीतालच्या माशाला देव करू नका

‘हिमालयन गोल्डन ट्राउट’ नावाचा मासा जगात नाही. हे वाक्य सुरुवातीलाच लिहून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना लगेच येईल आणि बाकीचे निवांत पुढे वाचतील.

उत्तरकाशीच्या वर, तीन हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर डोडीताल नावाचा छोटासा तलाव आहे. गणपतीचा जन्म इथला, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे आणि काठावर गणपतीचं मंदिर आहे. तलावात ट्राउट आहेत, भरपूर आहेत. ट्रेकला नेणाऱ्या जवळपास प्रत्येक कंपनीच्या माहितीपत्रकात या माशाचं वर्णन ‘दुर्मिळ हिमालयीन सोनेरी ट्राउट’ असं केलेलं असतं. आपल्या माजी सैनिकांच्या ग्रुपवरही परवा तसाच एक फोटो फिरत आला. खाली मजकूर होता की या पवित्र, दुर्मिळ माशांना गळ लावणाऱ्यांना कडक शिक्षा व्हायला हवी. त्यावर शंभरेक हात जोडलेले. माझा रॉड घेऊन त्याच काठावर बसलेला जुना फोटो काही जणांनी पाहिलेला होता. आमच्या जुन्या एसएम साहेबांनी मला वेगळा निरोप पाठवला : “तुमच्यासारख्या माणसाकडून ही अपेक्षा नव्हती.”

साहेबांचा मी आदर करतो. त्यांच्या हाताखाली मी घडलो. पण या बाबतीत साहेब, तुमचं चुकतंय, आणि ते नुसतं माझ्यापुरतं चुकत असतं तर मी गप्प बसलो असतो.

आधी माशाची जात-कुळी पाहू. डोडीतालमधला मासा ब्राउन ट्राउट आहे. त्याचं मूळ घर युरोप. इंग्रज साहेबाला काश्मीरच्या नद्या पाहून आपल्या स्कॉटलंडची आठवण झाली आणि तिथला मासा इथे आणायचं त्याच्या डोक्यात आलं. बर्फात ठेवलेली अंडी जहाजाने आणायची, पुढे घोड्या-माणसांच्या पाठीवरून डोंगरात न्यायची, असा तो उद्योग. पहिली खेप वाटेतच मेली. 1900 साली आलेली खेप जगली. काश्मीरमधून मग हा मासा इतर डोंगरांत गेला. उत्तरकाशी तेव्हा टिहरी संस्थानात होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे काश्मीरहून अंडी आणली गेली, असी गंगेच्या खोऱ्यात कल्दियाणीला हॅचरी झाली. डोडीतालचे ट्राउट त्याच वंशावळीतले. म्हणजे आपला हा ‘पुराणकालीन’ मासा वयाने कालका–शिमला रेल्वेच्या बरोबरीचा आहे.

‘गोल्डन ट्राउट’ नावाचा मासा खरोखर आहे, पण तो अमेरिकेत, कॅलिफोर्नियाच्या डोंगरात. डोडीतालच्या माशाचं पोट पिवळट असतं, अंगावर काळे-तांबडे ठिपके असतात, उन्हात वळला की सोन्यासारखा चमकतो. कुणीतरी त्याला सोनेरी म्हटलं, पुढच्याने हिमालयीन जोडलं, त्याच्या पुढच्याने पवित्र. अफवा कशी वाढते हे लंगरमध्ये चहा पिताना आपण सगळ्यांनी पाहिलंय.

नावाने काय बिघडतं, असं साहेब म्हणतील. बिघडतं. हिमालयाचा स्वतःचा मासा वेगळा आहे. त्याला गढवालमध्ये असेला म्हणतात. इंग्रजीत त्यालाही स्नो ट्राउट असं नाव पडलंय, पण तो ट्राउट नव्हे, आपल्या रोहू-महसीरच्या गोतावळ्यातला. तोंड खालच्या बाजूला, ओठ खरखरीत. धारेत दगडाला चिकटून दगडावरचं शेवाळ खरवडून खातो. दिसायला राखाडी, साधा. फोटोत काही चमकत नाही. निसर्ग संवर्धनाची जागतिक संघटना, आययूसीएन, तिच्या लाल यादीत हा असेला ‘असुरक्षित’ (व्हल्नरेबल) या वर्गात आहे. आणि ज्याला आपण दुर्मिळ म्हणून हात जोडतोय तो ब्राउन ट्राउट? जगातल्या सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या जीवजातींची जी यादी आहे, तिच्यात त्याचं नाव आहे. हाच मासा. तो मांसाहारी आहे. असेल्याची पिल्लं खातो, त्याची जागा बळकावतो. आपण कुणाचा पहारा करतोय ते बघा.

म्हणून ट्राउट संपवा असं मी म्हणत नाही. शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ तो तिथे आहे, गावच्या लोकांना त्याच्यामुळे दोन पैसे मिळतात, आणि खरं सांगायचं तर मला तो फार आवडतो. माझं म्हणणं एवढंच आहे की परवाना घेऊन गळाने ट्राउट धरणारा माणूस त्या तलावाचा शत्रू नाही. त्याला हाकलून तुम्ही तलावाचा एकुलता एक चौकीदार हाकलताय. हे कसं, ते सांगायला तलावाकाठी जावं लागेल.

हर्षिलच्या पोस्टिंगमध्ये असताना 2009 च्या जूनमध्ये मी पहिल्यांदा डोडीतालला गेलो. त्यानंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा पेन्शनीत आल्यावर, स्वतःच्या पैशाने. उत्तरकाशीहून जीपने संगमचट्टीपर्यंत जायचं. तिथून पायी अगोडा गाव, पुढे बेवरा, मग चढ, मग मांझीची गुजरांची छपरं, मग तलाव. ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्याला अवघड नाही. वाट बांज आणि बुरांशच्या जंगलातून जाते. बांज म्हणजे तिथला ओक. त्याच्याविषयी पुढे बोलायचंय, लक्षात ठेवा.

पहिल्या वेळी अगोड्याचे एक भैजी वाटाड्या म्हणून बरोबर होते. साठीचे असतील. मी रॉड बाहेर काढला, रीळ लावलं, स्पून लावला आणि जोरात फेकायला उभा राहिलो. भैजी म्हणाले, “फौजी साब, पहले बैठो. पानी देखो.” मी बसलो. अर्धा तास ते काहीच बोलले नाहीत. विडी ओढत पाणी बघत होते.

मग हळूहळू मलाही दिसायला लागलं. डोडीतालला वरून कोसळणारी मोठी नदी येऊन मिळत नाही. काठच्या उतारातून, दगडांच्या फटींतून, झाडांच्या मुळांखालून झरे येतात आणि तलाव भरतात. काही झरे तर पाण्याच्या खालूनच उगवतात. वरून कळत नाही. पण जिथे झरा उगवतो तिथली वाळू किंचित नाचत असते, भात शिजताना पातेल्यात जशी हलते तशी. मासे तिथेच तोंड करून उभे होते. रांगेत, शिस्तीत, मोठा पुढे, लहान मागे, जणू पाणी-पार्टी भरणीला लागलीय. भैजींनी विडीचं टोक त्या बाजूला केलं आणि म्हणाले, “वहाँ मत डालना. उसके नीचे डालना.” झऱ्याच्या तोंडावर स्पून टाकला तर सगळे पसार होतात. धार जिथे पसरून मंद होते तिथे टाकायचा, म्हणजे मागचा उपाशी मासा येतो.

तसंच केलं. तिसऱ्या फेकीला दोरी ताठ झाली. मासा किलोभराचाही नसेल, पण त्या थंड पाण्यातला ट्राउट ओढतो तो रिक्रूट रस्सीखेचीत ओढतो तसा, सगळा जीव लावून. त्या दिवशी परवान्याच्या मर्यादेत दोन मासे ठेवले. भैजींनी मीठ, हळद आणि कुटलेली लाल मिरची लावून तव्यावर भाजले. मंदिरापासून लांब, धर्मशाळेच्या मागे. हा संकेत तिथे सगळे पाळतात आणि तो पाळावाच. मी महाड तालुक्यातला. लहानपणापासून नदीत गरी टाकली, पाग टाकला, शिंगटी-मळ्या खाल्ल्या. त्या ट्राउटसारखा मासा जिभेवर पुन्हा आला नाही.

चव बाजूला राहू दे. अर्धा तास पाणी बघण्याचं मी का सांगतोय? कारण गळ टाकणाऱ्याला पाणी बघावंच लागतं, त्याला इलाज नसतो. झरा कुठे आहे, आज त्याची धार किती आहे, पाणी गढूळ का झालं, शेवाळ कुठे वाढलं, हे बघितल्याशिवाय त्याला मासाच मिळत नाही. ट्राउटला थंड पाणी लागतं. वीस अंशांच्या वर पाणी गेलं की तो खाणं सोडतो, आणखी तापलं की मरतो. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, त्याच्यावर तो जगतो. हिवाळ्याच्या तोंडावर मादी वाहत्या पाण्यातल्या बारीक गोट्यांत शेपटीने खड्डा करून अंडी घालते. त्या गोट्यांच्या फटींतून पाणी सतत वाहायला हवं. झऱ्याचं पाणी जमिनीच्या पोटातून येतं, म्हणून वर बर्फ पडला तरी ते गोठत नाही आणि अंडी जगतात. झरा आटला किंवा त्याच्या तोंडाशी माती साचली की अंडी गुदमरली. त्या तलावातला एकेक मासा म्हणजे झऱ्याची पावती आहे.

मी तिथे दुसऱ्यांदा गेलो तेव्हा, 2016 च्या ऑक्टोबरात, तेच भैजी भेटले. थकले होते. काठावरून चालताना एका जागी थांबून म्हणाले, “यहाँ वाला सूख गया.” ओळखीच्या माणसाच्या मयताची बातमी सांगावी तसं म्हणाले. त्या दिवशी काठावर तीसेक पर्यटक होते. पुण्याचा एक ग्रुपही होता, चांगली मुलं होती. त्यातल्या एकालाही तिथे कधी झरा होता हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. ती मुलं माशांना बिस्किटं टाकत होती.

आता बिस्किटांवर येतो, कारण एसएम साहेबांच्या निरोपात ‘निदान पुण्य तरी करावं’ असं एक वाक्य होतं. चुरमुरे, बिस्किटं, लाडूचा चुरा. छोटा तलाव, थंड पाणी, कुजण्याची क्रिया संथ. जे टाकाल ते तळाशी बसतं, त्याचं खत होतं, खतावर शेवाळ वाढतं, शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. ज्या माशाला तुम्ही खाऊ घातलंत त्याच्याच नाकातोंडात तुम्ही बोळा कोंबलात. वर बिस्किटाचं वेष्टन राहतंच. गणपतीला प्रसाद मंदिरात द्या, तिथे पुजारी आहेत.

हा झाला पहिला प्रकार, आणि तो मनाने चांगला आहे. दुसऱ्या प्रकाराविषयी ग्रुपवर कुणी अवाक्षर काढलं नाही. उत्तराखंडच्या नद्यांमध्ये ब्लीचिंग पावडर ओतून, करंट लावून, सुरुंगाची दारू फोडून मासे मारले जातात. ज्याने डोंगरात नोकरी केलीय त्याला हे ऐकून नवल वाटणार नाही. ब्लीचिंग पावडर ओढ्यात टाकली की खाली फर्लांगभर जे जे श्वास घेतं ते सगळं वर येतं. मासा, त्याचं पिल्लू, पाण्यातले किडे, बेडूक. हवे तेवढे मोठे मासे पिशवीत भरायचे, बाकीचे तसेच. स्फोटकं आणि विष वापरून मासे मारण्याला बंदी घालणारा कायदा 1897 चा आहे. सव्वाशे वर्षं झाली. कायदा कागदावर ठणठणीत आहे.

आणि इथे आपल्याच लोकांना एक सांगायचंय. सुरुंगाची दारू डोंगरात कुठून कुठून मिळते हे आपण एकमेकांना सांगायला नको. रस्त्याच्या कामावरची असते, ठेकेदाराची असते. पण जुन्या काळात आपल्या काही चौक्यांवर बडाखान्यासाठी मासे कसे ‘आणले’ जायचे, हेही आपल्यातल्या साठीच्या पुढच्यांना आठवत असेल. आज हात जोडणाऱ्या शंभरांत त्यातले काही असतील. गळाने दोन मासे धरणारा त्यांना पापी वाटतो.

तिसरा प्रकार शौकीन साहेबांचा. त्यांना बंदी नको, उलट अजून मासा हवा. दरवर्षी पिल्लं सोडा, मोठे वाढवा, पकडा, फोटो काढा, परत सोडा, परदेशी पाहुणे येतील. या मंडळींशीही माझं पटत नाही. पकडून सोडण्याची पद्धत महसीरसाठी योग्य आहे, कारण महसीर आपला आहे, हळू वाढतो, कमी उरलाय. ब्राउन ट्राउट परका आणि खादाड. तो तोंडात गळ अडकवून, फोटो काढून, अर्धमेला करून परत सोडायचा यात कसलं निसर्गप्रेम? धरला तर खा. मर्यादेत धर आणि खा. आणि नवीन पिल्लं सोडणं बंद करा, निदान खालच्या असी गंगेत तरी, कारण तिथे असेला आहे.

असी गंगा डोडीतालमधूनच निघते आणि उत्तरकाशीच्या जरा वर गंगोरीला भागीरथीला मिळते. 2012 च्या ऑगस्टमध्ये या खोऱ्यात रात्री पूर आला. माणसं गेली, गंगोरीचा पूल वाहून गेला, खोऱ्यात बांधकाम चालू असलेले छोटे जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाले. गंगोत्रीकडे, म्हणजे हर्षिल आणि पुढच्या चौक्यांकडे जाणारा रस्ता त्याच पुलावरून जातो. पुढे तिथे बांधलेला बेली पूलही कोसळला. त्या रस्त्याने कानवाई नेलेल्यांना मी काय सांगतोय ते कळेल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये गोमुख ते उत्तरकाशी हा भागीरथीचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला, आणि त्यावर आजही भांडण चालू आहे. वीज हवी, रस्ता हवा, हे मला मान्य आहे. बॉर्डरला रस्ता नको म्हणणारा माणूस फौजेत राहिलेला नसतो. पण जेसीबीने उकरलेला मलबा सरळ नदीत ढकलला जातो तेव्हा तो असेल्याच्या आणि ट्राउटच्या अंड्यांवरच बसतो, आणि त्याविरुद्ध ‘पवित्र मासे वाचवा’चा एकही फॉरवर्ड माझ्या पाहण्यात आलेला नाही. मलब्याच्या ढिगाऱ्याचा फोटो सोनेरी येत नाही.

आता बांजविषयी. बांजचं जंगल पाणी धरून ठेवतं. त्याखाली पालापाचोळ्याचा जाड थर असतो, पाऊस त्यात मुरतो आणि झऱ्याला वर्षभर पुरतो. बांज तुटला, वणवा लागला, चीड पसरला की पाऊस वरच्यावर वाहून जातो. नीती आयोगाने 2018 मध्ये हिमालयातल्या झऱ्यांवर अहवाल काढला. त्यात म्हटलंय की हिमालयातले जवळपास निम्मे झरे आटताहेत. निम्मे. आपण सगळे ज्या पाण्यावर नोकऱ्या करून आलो ते हे पाणी. चौकी कुठे बसवायची हे शत्रू कुठे आहे यावर जेवढं ठरतं तेवढंच पाणी कुठे आहे यावर ठरतं. वॉटर पॉइंटवर पहारा असतो, वरच्या बाजूला कुणाला लघवीला जाऊ देत नाहीत, उन्हाळ्यात धार किती मिनिटांत जेरीकॅन भरते हे हवालदार मेजरला तोंडपाठ असतं. एका चौकीवर आमची धार एप्रिलमध्ये इतकी बारीक झाली होती की दोन महिने दाढीला अर्धा मग पाणी मिळायचं. त्या दिवसांत आम्हा मराठी पोरांना नदीकाठची गावं स्वप्नात यायची. हे सगळं भोगलेली माणसं आज एका तलावाविषयी बोलताना मासा धरावा की धरू नये एवढ्यावरच भांडतात, आणि झऱ्याची चौकशीही करत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

साहेबांचा सगळ्यात वजनदार मुद्दा शेवटी ठेवलाय, कारण तो मला स्वतःला बरेच दिवस छळत होता. ते म्हणाले, “तुमच्या महाडला वाळणकोंडीचे मासे आहेत ना? तिथे कुणी गळ टाकतं का?”

नाही टाकत. मीही टाकलेला नाही, कधी टाकणारही नाही. काळ नदीच्या त्या डोहातले महसीर वरदायिनी देवीचे मासे आहेत, पिढ्यान् पिढ्या कुणी त्यांना हात लावलेला नाही, आणि म्हणूनच आजूबाजूच्या नद्यांतून महसीर संपत आले तरी त्या डोहात ते आहेत. श्रद्धेने मासा वाचतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण वाळणकोंडीला पहारा कोण देतं, साहेब? गाव देतं. बारा महिने. तिथला प्रत्येक माणूस डोहावरून रोज जातो. रात्री कुणी बॅटरी घेऊन कोंडीकडे उतरला तर दहा मिनिटांत वाडीला कळतं. श्रद्धेच्या मागे तिथे नजर आहे, कान आहेत आणि वेळ आली तर दांडकं आहे. शिवाय तो मासा तिथला आहे, त्याच नदीचा.

डोडीतालला बारमाही वस्ती नाही. हिवाळ्यात वाट बर्फाखाली जाते. जवळचं गाव अगोडा, तेही दिवसभराच्या चालीवर. श्रद्धा करणारे आपण, पुण्या-मुंबई-दिल्लीत बसलेले. आपण बंदी मागणार, कुणीतरी ती लावणार, तलावाकाठी एक पाटी लागणार. त्यानंतर परवाना काढून सरळ मार्गाने येणारा माणूस येणं बंद होईल, कारण तो नियम पाळणारा आहे. पावडरची पिशवी घेऊन रात्री येणारा पाटी वाचत नाही. दिवसा काठावर बसून पाणी बघणारं कुणी नसलं म्हणजे त्याचं काम सोपंच झालं.

वाळणकोंडीकडून शिकायचंच असेल तर गावाचा पहारा शिका. डोडीतालचा परवाना आज वनखात्याच्या कचेरीतून मिळतो. तो अगोड्यात मिळू द्या, गावाच्या हातून, वनखात्याच्या शिक्क्याने. उत्तराखंडात वनपंचायतींची जुनी पद्धत आहे, काही नवीन शोधायला नको. दिवसाला मोजके रॉड. माणशी दोन मासे. जाळं नाही. फीचा पैसा गावात राहील. प्रत्येक रॉडबरोबर गावचा एक माणूस सक्तीने, रोजावर. त्या माणसाने संध्याकाळी वहीत लिहायचं : किती मासे, केवढे, आणि अमुक झरा चालू, अमुक बारीक, अमुक बंद. आपल्या वॉटर पॉइंटचं रजिस्टर होतं तसं. पाच-सात वर्षांनी त्या वहीत जे असेल ते कुठल्याही शास्त्रज्ञाला सोन्याच्या भावाने हवं असेल. असी गंगेत असेला गळाला लागला तर तो परत पाण्यात, बिनशर्त.

आणि ज्या पोराला आज दोन हजाराच्या माशासाठी पावडर टाकण्याचा मोह होतो, त्याला त्याच तलावावर महिन्याचे पंधरा दिवस रोज मिळाला तर तो दुसऱ्याला पावडर टाकू देणार नाही. डोंगरातली पोरं तशीच असतात. निम्मी तर भरतीची तयारी करत असतात. मी ज्या भैजींबद्दल लिहिलं त्यांचा नातू अगोड्याहून पहाटे पळत खाली उतरायचा आणि पळत वर यायचा, सोळाशे मीटरची वेळ बसवायला. मला म्हणाला, “साब, भर्ती नहीं हुई तो यहीं गाइड बनूँगा.” कुठल्या झऱ्यावर किती मासे उभे असतात हे त्याला तेव्हाच तोंडपाठ होतं.

एसएम साहेब, येत्या जूनमध्ये मी पुन्हा जातोय. तुमचे गुडघे ठीक असतील तर चला. गणपतीला नारळ तुम्ही फोडा. रॉड माझा मी धरीन, तुम्ही फक्त माझ्या शेजारी अर्धा तास बसा. उत्तरकाशीपर्यंतचं तिकीट मी काढतो, पुढे जीपचं अर्धं-अर्धं.